चिलीचा मंगळवार

जानेवारीतल्या एका सकाळी डॉ. रसेल विटकॉम्ब यांना शाळेच्या जेवणाच्या यादीत एक चूक सापडली, आणि तिथून त्यांचे ग्रह फिरले.

खरं म्हणजे ती यादी बघायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. नेब्रास्कातल्या क्लोव्हर फोर्क शाळा-जिल्ह्याचे ते अधीक्षक. म्हणजे गावातल्या नि आसपासच्या सगळ्या शाळा, त्यांच्या बसगाड्या, त्यांचे बॉयलर, त्यांचे मास्तर आणि त्या मास्तरांची आपसातली भांडणं, एवढं सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर. पण स्वभावाला औषध कुठून आणणार? समोर कागद आला की त्यात काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय या माणसाला चैन पडायचं नाही. चर्चच्या पाटीवरचा एक चुकीचा स्वल्पविरामसुद्धा त्यांनी पाद्रीबुवांना बाहेर बोलावून दाखवला होता. पाद्रीबुवांनी मनापासून आभार मानले आणि पाटी तशीच ठेवली.

तर त्या यादीत मंगळवारच्या रकान्यात लिहिलं होतं: चिली, दालचिनीचा रोल, दूध.

चिली म्हणजे खिमा आणि राजमा घालून केलेलं दाट, तिखट कालवण. दालचिनीचा रोल म्हणजे वरून साखरेचा पाक ओतलेला चांगला मुठीएवढा गोड पाव. विटकॉम्ब मूळचे व्हरमाँटचे. त्यांच्याकडे हे दोन पदार्थ कुणी एका ताटात वाढले असते, तर वाढणाऱ्याची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी झाली असती. टाइप करताना खालची ओळ वर सरकली असणार, अशी त्यांची खात्रीच पटली. त्यांनी रोल उचलून गुरुवारी चिकनशेजारी नेऊन ठेवला, चिलीला जोडीला खारी बिस्किटं दिली, आणि एक सत्कृत्य केल्याच्या आनंदात कॉफीचा घोट घेतला.

आता क्लोव्हर फोर्कमध्ये जन्मलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तिथं चिलीबरोबर रोल असतोच. रोल तोडायचा, चिलीत बुडवायचा आणि खायचा. बापाने तसाच खाल्ला, आज्याने तसाच खाल्ला. आपल्याकडे होळीच्या दिवशी पानावर कटाची आमटी वाढली आणि पुरणपोळी दोन दिवसांनी मिळेल असं सांगितलं, तर घरात काय होईल? तेच तिथं झालं. फक्त तिथली माणसं फार सभ्य असल्यामुळे ते झालेलं विटकॉम्बना कळलं नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

यादी टाइप करायला घेतली ती आर्लीन कुचेरा या त्यांच्या सेक्रेटरीने. ती त्या खुर्चीत इतकी वर्षं होती की अधीक्षक येत नि जात, आर्लीन तिथंच असे.

“डॉक्टर, हे मुद्दाम केलंय का?” तिने विचारलं.

“अर्थात. कसं वाटतंय?”

आर्लीन बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “वेगळं आहे.”

“थँक यू,” विटकॉम्ब म्हणाले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या मुलखात कुणी कुणाच्या तोंडावर वाईट म्हणत नाही. एखादी गोष्ट अगदीच डोक्यात गेली की माणूस दोन क्षण गप्प राहतो आणि म्हणतो, “वेगळं आहे.” एखाद्या बाईच्या नव्या टोपीला शेजारीण ‘वेगळी आहे’ म्हणाली, की ती बाई मुकाट्याने घरी जाऊन ती टोपी मांजराला झोपायला देते. त्याहून कडक शिवी तिथल्या भाषेत नाही. व्हरमाँटहून आलेल्या माणसाला हे कळायला काही मार्ग नव्हता. वेगळं म्हणजे नवीन, नवीन म्हणजे चांगलं, असं समजून ते फुशारत राहिले.

आणि फुशारायची त्यांना गरजही होती. क्लोव्हर फोर्क हा त्यांचा चौथा जिल्हा. आधीच्या तिन्ही ठिकाणी काही ना काही दुरुस्त करायला गेले आणि बाहेर पडले. त्यांची बायको मेरेडिथ दर वेळी मुकाट सामान बांधायची. या खेपेला मात्र ती गावात रमली होती. तिला मैत्रिणी मिळाल्या, चर्चच्या गायनात तिला पुढच्या रांगेत उभं करायला लागले, आणि मागच्या अंगणात तिने सफरचंदाची रोपं लावली. रोपं लावून झाल्यावर हात धूत ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली होती, “रसेल, यांना फळ धरायला काही वर्षं लागतात. मी ती खाणार आहे. तुला इथून जावं लागलं तर तू एकटा जा.” फेब्रुवारीच्या सभेत शाळा-मंडळ त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, ते ठरवणार होतं. त्यामुळे कुणाच्याही तोंडून बरा शब्द आला की विटकॉम्ब तो घरी नेऊन बायकोला सांगत.

चिलीच्या मंगळवारी गावातली निवृत्त मंडळी शाळेत पैसे भरून जेवायला येत. ही तिथली जुनी रीत. पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर ती थोराड माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसत. त्या मंगळवारीही ती आली. ताटात चिली पडली, दूध पडलं, आणि शेजारी खारी बिस्किटं पडली. सगळा हॉल एकदम गप्प झाला. भटारखान्याची मुख्य व्हर्ना श्रोडर, हिने अधीक्षकांचा हुकूम शब्दशः पाळला होता. वर कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून वाढायच्या खिडकीवर पाटीही लावली होती: ‘अधीक्षकांच्या आज्ञेवरून’. विटकॉम्बना ती पाटी फार आवडली.

शाळा-मंडळाचा अध्यक्ष ड्वेन हॉलमन तिथं जेवत होता. बियाण्याचा व्यापारी, आडव्या बांध्याचा, बोलायला महाकंजूष. विटकॉम्ब मुद्दाम त्याच्यापाशी गेले आणि जेवण कसं आहे म्हणून विचारलं. ड्वेनने बिस्किट चिलीत बुडवलं, ते तुटून तळाला गेलं, आणि तो त्या जागेकडे बघत म्हणाला, “वेगळं आहे.” शेजारचे पाद्रीबुवाही तेच म्हणाले, आणि मग बाकाबाकावरून तोच शब्द ऐकू आला.

विटकॉम्ब घरी गेले ते जवळजवळ शीळ घालतच. नेमणूक झालीच म्हणून समज, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. स्वतः अध्यक्ष म्हणाला, आर्लीन म्हणाली, पाद्रीबुवा म्हणाले, अख्खा हॉल म्हणाला. एवढी एकमुखी स्तुती आयुष्यात पहिल्यांदाच वाट्याला आली होती. त्या भरात त्यांनी गावच्या साप्ताहिकात लेख लिहिला. त्याचं नाव ठेवलं ‘वेगळ्या वाटेने’. लोकांनी बदलाचं ज्या शब्दांत स्वागत केलं त्याने मी भारावून गेलो आहे, असं त्यात म्हटलं होतं. गावाने तो लेख वाचला आणि हा माणूस आपल्याला हिणवतोय, असं गावाचं ठाम मत झालं.

मोठी माणसं सभ्यपणे गप्प बसली, पण पोरं कशाला बसतील? त्यांनी आपला मार्ग काढला. गुरुवारी मिळालेला रोल खायचा नाही, कागदी रुमालात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवायचा, आणि पुढच्या चिलीला बाहेर काढायचा. शाळेत प्रत्येक पोराला आपलं लोखंडी कपाट असतं, आणि प्रत्येक कपाटात एकेक रोल जाऊन बसला. बाहेर शेतांवर गुडघाभर बर्फ. त्या बर्फाखाली उपाशी बसलेल्या उंदरांना दालचिनीचा वास गेला आणि एका शनिवार-रविवारात ते सहकुटुंब शाळेत राहायला आले.

सोमवारी आठवीतल्या एका मुलीने कपाट उघडलं. तिच्या किंकाळीने शेजारची किंचाळली, तिच्या किंकाळीने सगळा मजला किंचाळला, आणि काय झालंय हे न कळलेल्या गणिताच्या मास्तरांनी आगीची घंटा ओढली. पोरं कोटांशिवाय बर्फात जाऊन उभी राहिली. गावची अग्निशमन टोळी म्हणजे गावातलेच बाप आणि काका. ते हातातलं काम टाकून बंब घेऊन धावले. कुणी वासरांना लस टोचता टोचता आला होता, कुणी दंतवैद्याच्या खुर्चीतून, अर्धा गाल बधिर. टोळीचा प्रमुख पुन्हा ड्वेन हॉलमनच. ही सगळी मंडळी पाण्याची नळी हातात धरून उंदरांसमोर उभी राहिली आणि आता काय करायचं, ते कुणालाच सुचेना.

विटकॉम्बना मात्र सुचलं. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की यापुढे शाळेत कुणी रोल साठवणार नाही. दुसऱ्या दिवशी पोरं चिलीसाठी घरून रोल घेऊन आली, तेव्हा दारात दप्तरं तपासायला सुरुवात झाली. कुठे ठेवायचे तेवढं ठरलं नव्हतं, म्हणून जप्त केलेले रोल अधीक्षकांच्या खोलीत येऊन पडू लागले. टेबलावर रोल, फाइलींच्या कपाटावर रोल, खिडकीत रोल. आर्लीनने एकदाच दारातून आत डोकावून बघितलं आणि दार ओढून घेतलं. साप्ताहिकाचा बातमीदार बॉयलरच्या बातमीसाठी आला होता, त्याने जाता जाता एक फोटो काढला. गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर रोलांच्या राशीत बसलेले हसतमुख विटकॉम्ब, आणि खाली एकच ओळ: ‘रोल अधीक्षकांकडे आहेत.’

आता मात्र गावाला सगळा उलगडा झाला. पोरांच्या तोंडचा घास काढून हा गृहस्थ स्वतःच गिळतोय, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. शेजारचं गाव एल्क बेंड. बास्केटबॉलमुळे या दोन गावांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. त्यांनी संधी साधून हायवेवर क्लोव्हर फोर्कच्या वेशीला भला मोठा फलक लावला: ‘आमच्या शाळेत चिली आणि रोल एकाच ताटात.’ तिथल्या कायद्याप्रमाणे आईबापांना पोर शेजारच्या जिल्ह्याच्या शाळेत घालता येतं. ऑफिसात त्यासाठी चौकशा सुरू झाल्या. सगळे जण अगदी नम्रपणे येत, हवेबद्दल बोलत, अर्ज मागत आणि टोपीला हात लावून जात. विटकॉम्बना वाटलं, यंदा आपला बास्केटबॉलचा संघ हरतोय म्हणून लोक चिडलेत. त्यांनी बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला बोलावून घेऊन खडसावलं. त्या बिचाऱ्याला काही कळेना.

शेवटी फोड केली मेरेडिथने. ती केस कापायला गेली होती. तिथल्या बायका तिला बघून गप्प झाल्या, आणि मग केस कापणारीने हळूच, फार मायेने विचारलं की तुम्ही आता कुठल्या राज्यात जाणार. अर्धे केस कापलेल्या अवस्थेत मेरेडिथने तिच्याकडून सगळी हकीगत काढून घेतली आणि तशीच घरी आली.

“रसेल, इथं ‘वेगळं’ म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?”

त्यांना ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं.

विटकॉम्ब खुर्चीत बसले. आर्लीन आठवली, अध्यक्ष आठवला, पाद्रीबुवा आठवले. मग आपण आर्लीनला थँक यू म्हटलं होतं तेही आठवलं, आणि त्यांना इतकी लाज वाटली की कान गरम झाले. “अगं, पण मला कुणी सांगितलं का नाही?” ते म्हणाले.

“सगळ्यांनी सांगितलं. तू लेख लिहिलास,” मेरेडिथ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती खिडकीतून बाहेर बर्फातल्या त्या काटक्यांएवढ्या रोपांकडे बघत होती, आणि ते विटकॉम्बना भांडणापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते तडक भटारखान्यात गेले. व्हर्ना कणीक मळत होती. त्यांनी चूक कबूल केली आणि यादी आत्ताच्या आत्ता बदलून देतो म्हणाले.

“डॉक्टर,” व्हर्ना मान वर न करता म्हणाली, “तुम्ही आता काही बदलू नका.”

मंडळाची सभा एरवी ग्रंथालयात होई आणि ऐकायला आर्लीनची मावशी तेवढी येई, तीही तिथल्या हीटरसाठी. या खेपेला गर्दी इतकी लोटली की सभा व्यायामशाळेत न्यावी लागली. विटकॉम्ब मंडळासमोर एका घडीच्या खुर्चीवर बसले. तिसऱ्या रांगेत मेरेडिथ होती, अजून अर्ध्याच कापलेल्या केसांनी. आपली चूक झाली, आपण क्षमा मागतो, असं त्यांनी उभं राहून सरळ सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलंही नाही. मग ड्वेन हॉलमनने चष्मा काढला.

“डॉक्टर, एक विचारतो. तुम्ही ते कधी खाऊन बघितलंय?”

“काय?”

“चिलीबरोबर रोल.”

विटकॉम्बना खोटं बोलायची सवय नव्हती. “नाही,” ते म्हणाले.

आगीच्या घंटेलाही जो आवाज झाला नव्हता तो आता झाला. म्हणजे हा माणूस न खाताच. एका म्हातारीने तर छातीवर हात ठेवला. ड्वेनने दाराकडे बघून मान हलवली आणि व्हर्ना झाकण घातलेलं पातेलं घेऊन आत आली. मागून ताटात रोल. त्याच्यावर पाक अजून ओघळत होता. बाईने सगळं विटकॉम्बच्या पुढ्यात मांडलं आणि हाताची घडी घालून तिथंच उभी राहिली.

विटकॉम्बनी रोल तोडला. चिलीत बुडवला. तोंडात घातला.

काय सांगायचं? तिखटावर गोड आलं, गोडावर खिमा आला, राजमा पाकात घोळला, आणि दालचिनी थेट नाकात गेली. अशी वाईट चव त्यांनी जन्मात घेतली नव्हती. घास गालात धरून ते बसले. अख्खं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. मेरेडिथ दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसती आशा होती. त्यांनी घास गिळला. मग दुसरा घेतला. मग ताट पुसून संपवलं, रुमालाने तोंड टिपलं आणि म्हणाले, “व्हर्ना, अजून एक मिळेल का?”

व्हर्नाच्या हाताची घडी सुटली. मागून कुणीतरी हसलं, मग खुर्च्या सरकल्या, आणि इतके दिवस गोठलेलं गाव एकदम बोलायला लागलं. मंडळातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नेमणूक चालू ठेवायची सूचना मांडली. याने काय चूक करायची ती करून झाली, नवा आणला तर तो कशात हात घालील देव जाणे, असं त्याचं म्हणणं होतं. सूचना एकमताने मंजूर झाली. फक्त एक अट घातली गेली: दर चिलीच्या मंगळवारी अधीक्षकांनी शाळेत, सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. विटकॉम्बनी त्या अटीलाही हसून मान डोलावली. दुसरा रोल अजून घशापाशीच होता.

मेरेडिथला बायकांनी घेरलं होतं, केस उद्या पुरे करून देते असं केस कापणारी सांगत होती. विटकॉम्ब जरा मोकळ्या हवेला म्हणून बाहेर आले आणि गाडीला टेकून मोठमोठे श्वास घेत उभे राहिले. बर्फावर बूट वाजले. ड्वेन हॉलमन होता. तो शेजारी येऊन टेकला.

“दुसरा कशाला मागितलात?” त्याने विचारलं.

“आवडला म्हणून,” विटकॉम्ब म्हणाले.

“डॉक्टर, मी समोर बसलो होतो.”

विटकॉम्ब खाली बघायला लागले. झालं, चुकीची दुरुस्तीही अंगाशी आली, असं त्यांना वाटलं. खोटं बोलायला नको होतं, पण आता फार उशीर झाला होता. “नाही आवडला. भयंकर होता,” ते म्हणाले. “पण आम्हाला इथं राहायचंय हो.”

ड्वेनने आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणला.

“मलाही नाही आवडत.”

“काय?”

“पहिलीत होतो तेव्हापासून. दर मंगळवारी खातोय. तुम्ही त्या दिवशी बिस्किटं दिलीत ना, आयुष्यात पहिल्यांदा मी चिली सुखाने जेवलो.”

विटकॉम्ब त्याच्याकडे बघतच राहिले. राग यावा की हसू, त्यांना ठरवता येईना. “अहो, मग एवढं सगळं झालं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

“मी इथलाच आहे, डॉक्टर. मला कुठे जाता येतंय?” ड्वेन म्हणाला. त्याने टोपी नीट केली आणि निघता निघता थांबला. “आवडीने खाणारे पुष्कळ आहेत. तसं तोंड करून दुसरा मागणारा आज पहिल्यांदा बघितला. मंगळवारी माझ्या शेजारी बसा. दूध आधी अर्धं पिऊन ठेवायचं, मग रोल घशाखाली उतरतो. आणि आमच्या हिच्याजवळ बोलू नका, व्हर्ना तिची सख्खी बहीण आहे.”

तेवढ्यात मेरेडिथ आली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. ड्वेनने टोपीला हात लावला आणि तो गेला. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, अध्यक्ष एवढं काय बोलत होते.

“काही नाही गं,” विटकॉम्ब म्हणाले. “जेवायला शेजारी बसा म्हणाले.”